अरेना फुटबॉलचा संघ काढू इच्छिणाऱ्यांसाठी हिताच्या चार गोष्टी

आपल्यापैकी कोणाला अमेरिकेतल्या एखाद्या मध्यम गावात अरेना फुटबॉलचा, म्हणजे बंद सभागृहात खेळल्या जाणाऱ्या अमेरिकन फुटबॉलचा, संघ काढण्याची इच्छा असेल, तर पुढील मार्गदर्शन विनामूल्य आहे. विनामूल्य अशासाठी की त्याची किंमत मी आधीच भरून बसलो आहे. गेल्या वर्षी मी एका संघाची हंगामी तिकिटे काढली, एक माझे आणि एक माझ्या दहा वर्षांच्या मुलाचे, आणि त्या संघाने घरच्या तिसऱ्या सामन्यानंतर गाशा गुंडाळला. संघाचे नाव घेत नाही. मी राहतो त्या इलिनॉय राज्यातल्या मोलीनपासून ते गाव दोन तासांवर आहे, एवढे पुरे.

सर्वप्रथम, या खेळाचा इतिहास वाचू नये. वाचलाच तर क्वाड सिटी स्टीमव्हीलर्स, म्हणजे मोलीनचा संघ, आडवे येतात आणि उमेद खचते. 1981 साली जिम फॉस्टर नावाचा गृहस्थ न्यू यॉर्कमध्ये बंद सभागृहातला सॉकरचा सामना पाहत होता आणि तिथेच त्याने एका मोठ्या लिफाफ्याच्या पाठीवर हा खेळ आखला: 50 यार्डांचे मैदान, एका बाजूला आठ खेळाडू, कडेला गादीच्या भिंती, आणि गोलखांबांच्या दोन्ही अंगांना ताणलेली जाळी, जिच्यावर आपटून परत आलेला चेंडूही खेळात धरला जातो. 1987 साली चार संघांनिशी लीग सुरू झाली. 2000 साली तिची धाकटी लीग, म्हणजे ‘एएफटू’, निघाली, तेव्हा याच फॉस्टरने मोलीनला स्टीमव्हीलर्स उभे केले. मिसिसिपीवर चाकांच्या आगबोटी चालत, त्यावरून हे नाव. पहिल्याच हंगामात हा संघ 19 सामने खेळला आणि 19 जिंकला. दुसऱ्या वर्षी पुन्हा अजिंक्यपद. जॉन डिअरच्या ट्रॅक्टरचे मुख्य कार्यालय याच गावात असल्यामुळे आमच्यासारखे पुण्याहून आलेले पुष्कळ आहेत, आणि माझे जुने अमेरिकन सहकारी त्या दोन उन्हाळ्यांबद्दल अजूनही असे बोलतात, जसे आपल्याकडे लोक त्र्याऐंशीच्या विश्वचषकाबद्दल बोलतात. असा इतिहास डोळ्यांसमोर असला की नव्या मालकाला निदान हंगाम तरी पुरा करावा असे वाटू लागते. ते टाळावे.

उद्घाटनाच्या भाषणात ‘कुटुंब’ हा शब्द किमान सहा वेळा यावा.

सभागृहाच्या नावावर फार जीव लावू नये. मोलीनचे सभागृह 1993 साली उघडले तेव्हा ते ‘द मार्क’ होते, पुढे आयवायरलेस झाले, मग टॅक्सस्लेयर झाले आणि आता व्हायब्रंट आहे. गावातली वडीलधारी मंडळी अजूनही ‘मार्क’च म्हणतात.

लीग निवडताना मात्र काळजी घ्यावी, म्हणजे जिथे आपला दोष नसतानाही बुडता येईल अशीच निवडावी. एएफटूचा विस्तार पाहा: 2000 साली 15 संघ, 2002 साली 34. दोन वर्षांत इतकी गावे सापडतात, पण इतके प्रेक्षक सापडतात का, हा प्रश्न कोणी विचारू नये. थोरल्या लीगने डिसेंबर 2008 मध्ये पुढचा हंगामच रद्द केला आणि नंतर दिवाळखोरी पत्करली. धाकट्या लीगची निम्म्याहून किंचित जास्त मालकी थोरलीकडेच होती. तरीही धाकटीने 2009 चा हंगाम शेवटपर्यंत खेळवला, स्पोकेनच्या संघाने अंतिम सामना 74-27 असा जिंकला, आणि त्यानंतरच लीग मोडली. तिच्याबरोबर जुने स्टीमव्हीलर्सही गेले. आज त्या नावाने खेळतो तो 2018 साली नव्याने निघालेला संघ आहे. जुने गेले, पण ठरलेले सामने खेळून गेले. ही चूक आपण करू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे पैशांविषयी. तिकिटे जानेवारीत विकावीत, कारण तेव्हा बर्फ असतो आणि माणूस उन्हाळ्याच्या नावाने काहीही विकत घेतो. हंगाम मध्येच थांबवताना ‘बंद’ हा शब्द वापरू नये, ‘पुनर्रचना’ म्हणावे. परताव्याऐवजी, मला आले तसे, एक गोड पत्र धाडावे: ‘आपली उर्वरित रक्कम पुढील हंगामासाठी सुरक्षित आहे.’ कुठला पुढील हंगाम? ज्या संघाचा दूरध्वनी लागत नाही, ज्याच्या कार्यालयाच्या काचेवर ‘जागा भाड्याने देणे आहे’ अशी पाटी आहे, त्याचा पुढील हंगाम? मी पाच पत्रे लिहिली. बँकेने सांगितले की हरकत घेण्याची मुदत संपली, कारण व्यवहार जानेवारीतला आहे. आणि मुदत संपेपर्यंत मला धीर धरायला कोणी सांगितले, तर त्याच गोड पत्राने. आपल्याकडे भिशी बुडवणाऱ्यालाही निदान गल्ली बदलावी लागते. आमच्या संघाचे मालक मात्र, मी ऐकतो त्याप्रमाणे, आणखी एका गावात नव्या संघासाठी सभागृह पाहत आहेत.

आता उपरोध पुरे. अहो मालक, धंदा बुडतो, हे मला कळते. हा खेळ महाग आहे, सभागृहाचे भाडे थांबत नाही, तिकिटे स्वस्त ठेवावी लागतात, हेही कळते. पण बुडताना समोर उभे राहून ‘बुडालो’ असे सांगता येत नाही का? तुमची पोरे नोकरी सांभाळून खेळत होती, दर सामन्याला त्या गादीच्या भिंतीवर अंग आपटून घेत होती, आणि त्यांनाही संघ थांबल्याचे आमच्याबरोबरच कळले. हा व्यवहार नाही, ही लबाडी आहे, आणि तिला पुनर्रचना म्हटल्याने ती कमी होत नाही.

अरेना फुटबॉलमध्ये प्रेक्षकांत आलेला चेंडू ज्याने पकडला त्याचा होतो. दुसऱ्या सामन्यात एक चेंडू माझ्या मुलाने छातीशी धरला, त्याच्यावर तुमचे बोधचिन्ह आहे, आणि तो आमच्या पुस्तकांच्या फळीवर आहे. त्यातली हवा आता निम्मी गेली आहे. पंप मी आणीन. उरलेल्या पाच सामन्यांचे पैसे तुम्ही पाठवा. माझा पत्ता तुमच्याकडे पाच वेळा आलेला आहे.