रुग्ण उठून जाऊ शकत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम सलाम.

रुग्णालयातल्या चॅप्लेनच्या, म्हणजे रुग्णांना भेटून आध्यात्मिक आधार देणाऱ्या धर्मसेवकाच्या, प्रशिक्षणाबद्दल मी जे लिहिलं, ते तुम्हाला खटकलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : पाचारण देव करतो, शहाणपण पवित्र आत्मा देतो, मग आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला ४०० तासांचं प्रशिक्षण कशाला? प्रभूने कोळ्यांना बोलावलं तेव्हा प्रमाणपत्रं मागितली नव्हती. शिवाय हे पाळकाच्या झग्यातलं मानसशास्त्र आहे, आणि शिकाऊंकडून फुकट काम करून घ्यायची सोयही.

कोळ्यांचंच घ्या. बोलावलं आणि लगेच मंडळी (चर्च) सोपवली, असं शुभवर्तमानात कुठे आहे? आधी ते त्याच्याबरोबर फिरले. मार्कच्या ६व्या अध्यायात येशू त्यांना दोघादोघांनी पाठवतो, आणि काय केलं, काय शिकवलं ते सगळं ते परत येऊन त्याला सांगतात. ९व्या अध्यायात एका मुलातला दुष्टात्मा त्यांच्याने निघत नाही, तेव्हा आम्हाला का जमलं नाही, असं घरात गेल्यावर एकांतात विचारतात. इंटर्नशिप याहून वेगळी काय असते?

पण माझा खरा मुद्दा दुसराच आहे. मंडळीत माणूस आपल्या पायाने येतो. उपदेश रटाळ वाटला तर पुढच्या रविवारी फिरकत नाही. वॉर्डात मात्र आपण त्याच्याकडे जातो. हाताला सलाईन लावलेलं, अंगावर रुग्णालयाचे कपडे. नकोसा पाहुणा आला तरी तो उठून जाऊ शकत नाही. कदाचित तो ख्रिस्तीही नसेल. अशा जागी भल्या मनाचा माणूससुद्धा नकळत जाच करतो. आपला विश्वास रुग्णावर लादू नये, असं चॅप्लेनांच्या आचारसंहितेत लिहिलेलं असतं, पण नियम वाचून सवय थोडीच जाते!

त्यासाठी व्हर्बेटिम लिहायला लावतात. भेट संपली की शिकाऊ उमेदवार झालेलं संभाषण आठवून शब्दशः लिहितो, स्वतःच्या मनात काय चाललं होतं तेही नोंदवतो, आणि ते सुपरव्हायझर व सोबत्यांपुढे वाचतो. समजा, रुग्णाने विचारलं, “मी घरी जाईन ना?” उमेदवार म्हणाला, “प्रभूवर भरवसा ठेवा, सगळं ठीक होईल,” आणि प्रार्थना करून बाहेर पडला. गटात कोणीतरी विचारतं : त्या प्रार्थनेने भीती कोणाची शमली, रुग्णाची की तुझी? तिथे भल्याभल्यांची बोलती बंद होते. आपण प्रार्थना करतो ती कधीकधी पळवाट असते, हे एकट्याने कळत नाही. वीस वर्षं आजाऱ्यांना भेटलेल्या पाळकालाही नाही, कारण त्या भेटी दुसऱ्या कोणी पाहिलेल्याच नसतात.

अमेरिकेत असं प्रशिक्षण चालवणाऱ्या केंद्रांना मान्यता देणारी एसीपीई ही संस्था आहे. तिच्या एका युनिटचे, म्हणजे प्रशिक्षणाच्या एका टप्प्याचे, ४०० तास असतात. त्यातले किमान १०० तास अशा शिकण्याचे. बाकीचे प्रत्यक्ष सेवेचे.

मानसशास्त्राचा आक्षेप जुना आहे आणि तो अगदीच पोकळ नाही. काही जण त्या परिभाषेत इतके रमतात की देवाचं नाव घ्यायलाही बिचकतात. तरी या प्रशिक्षणाची सुरुवात कुठून झाली ते पाहा. अँटन बॉइसन हा अमेरिकन पाळक. १९२० मध्ये तो स्वतःच मनोरुग्णालयात दाखल झाला होता. बरा झाल्यावर मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर स्टेट हॉस्पिटलमध्ये चॅप्लेन झाला, आणि १९२५ च्या उन्हाळ्यात सेमिनरीच्या (पाळक घडवणाऱ्या विद्यालयाच्या) मोजक्या विद्यार्थ्यांना त्याने तिथे आणलं. त्यांना वॉर्डात परिचारकाची कामंही करावी लागत. ग्रंथ वाचतो तितक्याच बारकाईने दुःखी माणूस वाचावा, असा त्याचा आग्रह होता. खाटेवर पडून पाळकांच्या भेटी अनुभवलेल्या माणसाचा हा आग्रह आहे, मानसशास्त्रज्ञाचा नव्हे.

पाचारणाचं म्हणाल, तर प्रशिक्षण ते देऊ शकत नाही आणि तसा दावाही करत नाही. प्रवेश-अर्जातच स्वतःच्या जीवनाचा आणि विश्वासाच्या प्रवासाचा वृत्तांत लिहून द्यावा लागतो. मग मुलाखत होते.

राहता राहिला फुकट कामाचा मुद्दा. तो तुम्ही शेवटच्या ओळीत उरकलात, पण तोच सगळ्यात वजनदार आहे. वर्षभराच्या प्रशिक्षणाला, म्हणजे रेसिडेन्सीला, बहुधा विद्यावेतन मिळतं. एका युनिटच्या इंटर्नशिपला मात्र अनेक ठिकाणी ते नसतंच, उलट शुल्क भरावं लागतं. घर चालवणाऱ्या उमेदवाराला हे परवडत नाही, आणि ज्यांना वॉर्डातल्या गरीब रुग्णाची भाषा उपजत कळते तेच बाहेर राहतात. हा खर्च मंडळ्यांनी आणि रुग्णालयांनी वाटून घ्यायला हवा. यावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, तर मी तुमच्या बाजूने उभा राहीन.