निळा गोळा आणि पाच टोकांचा तारा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली आणि सविस्तर उत्तर द्यायचं ठरवलं. तुमचे आक्षेप तीन. कॅव्हन्साइट आणि पेंटागोनाइट ही दोन निळी खनिजं दगडखाणीतच भिंगाने ओळखता येतात हे माझ्या लेखातलं विधान नवशिक्यांची दिशाभूल करतं. रासायनिक तपासणीशिवाय नमुन्याला नाव देऊच नये. आणि माझ्या फोटोतला ‘पेंटागोनाइट’ हा कॅव्हन्साइटच आहे.

फोटोचं आधी. तिथे चूक माझी आहे. स्फटिकाची पाती लांब आणि टोकदार दिसली, तेवढ्यावर मी नाव देऊन मोकळा झालो. कॅव्हन्साइटचे स्फटिकही टोकदार असतात. त्यांचा गोळा विरळ झाला की ते असेच सुटेसुटे दिसतात. फोटोखालची ओळ आज बदलून ‘पेंटागोनाइट असण्याची शक्यता’ अशी केली आहे.

रासायनिक तपासणीचा आग्रह मात्र मला पटत नाही, कारण या जोडीत ती कामालाच येत नाही. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिका आणि पाणी: दोन्हींचं रासायनिक सूत्र एकच आहे. फरक आहे तो अणूंच्या मांडणीत. काठिण्य दोघांचंही मोहस मापनावर (1 सर्वांत मऊ, 10 सर्वांत कठीण) 3 ते 4च्या आसपास, वजनाला दोन्ही हलकी, रंग दोघांचाही तोच गडद निळा. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये सापडलेल्या या दोन खनिजांचं वर्णन 1973 साली एकत्रच प्रसिद्ध झालं. पक्का निकाल हवा असेल तर अणूंच्या मांडणीतला फरक टिपणारी तपासणी, म्हणजे क्ष-किरण विवर्तन किंवा रामन वर्णपट, लागते. लोक रासायनिक अहवाल घेऊन येतात आणि त्यावर ‘पेंटागोनाइट सिद्ध झाला’ म्हणतात, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. तो अहवाल दोघांनाही सारखाच लागू पडतो.

मग भिंगाने काय दिसतं? दहापट भिंग डोळ्याला अगदी लावून धरा आणि पात्याकडे बाजूने न बघता टोकाकडून, सरळ त्याच्या लांबीच्या रेषेत बघा. एखादं पातं आडवं मोडलेलं असेल तर उत्तमच. पेंटागोनाइटमध्ये तिथे पाच फाट्यांचा छोटा तारा दिसू शकतो, फाट्यांमध्ये बारीक खाचा असलेला. एकाच स्फटिकाला पाचपदरी सममिती असू शकत नाही. तो तारा म्हणजे एका अक्षाभोवती जुळून वाढलेले पाच स्फटिक आहेत. खनिजाचं नाव त्यावरूनच पडलं. तारा स्पष्ट दिसला तर नाव बरंच बळकट होतं. नाही दिसला तर काहीच सिद्ध होत नाही, आणि हे वाक्य मूळ लेखात असायला हवं होतं.

कॅव्हन्साइटबद्दल मात्र मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतल्या बेसाल्टच्या (काळ्या कातळाच्या) पोकळीत स्टिल्बाइट या पांढऱ्या किंवा फिकट पिवळसर खनिजावर बसलेला, केंद्रातून सगळीकडे सुया फुटलेला निळा गोळा दिसला, तर तो ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. खडक कोणता, शेजारी कोण आणि वाढ कशी झाली, या तिन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात. त्यांतली एक जरी बिनसली तरी मी थांबतो.

नवशिके खरे फसतात ते आम्लाने. निळा रंग पाहून अझुराइटची, म्हणजे आम्लात फसफसणाऱ्या तांब्याच्या निळ्या खनिजाची, शंका येते, ते आम्लाचा थेंब टाकतात, बुडबुडे येतात आणि ‘अझुराइट’ ठरतं. पण या पोकळ्यांत कॅल्साइट पुष्कळदा असतो, आणि तोही आम्लात फसफसतो. फसफसतो तो खालचा कॅल्साइट. वरच्या निळ्या गोळ्याबद्दल त्यातून काही कळत नाही. शिवाय नमुना खराब होतो तो वेगळाच. टाचणीने ओरखडा काढून बघण्याचंही तेच. इतक्या नाजूक सुयांवर काठिण्य मोजताच येत नाही, त्या नुसत्या मोडतात.

दुसरी फसवणूक माणसं करतात. सुटा निळा गोळा चांगल्या स्टिल्बाइटवर चिकटवलेले नमुने फिरत असतात. गोळा जिथे टेकतो ती कड भिंगाखाली सावकाश फिरवून बघा. नैसर्गिक नमुन्यात सुया खालच्या पृष्ठभागावरूनच वर आलेल्या असतात, काही ठिकाणी स्टिल्बाइटची पानं त्यांच्यावर चढलेलीही दिसतात. चिकटवलेल्या गोळ्याखाली चकचकीत पातळ थर दिसतो, कधी त्यात अडकलेला हवेचा बुडबुडा. मी एकदा असाच एक नमुना हौसेने घेतला होता. घरी आल्यावर कडेचा तो बुडबुडा दिसला आणि रात्रभर चैन पडलं नाही.

तेव्हा चिठ्ठीवर नाव लिहिताना ते कशावरून ठरवलं हेही लिहावं: ‘भिंगाने, तारा दिसला’ किंवा ‘भिंगाने, तारा नाही’ किंवा ‘क्ष-किरण तपासणी’. माझ्या संग्रहातल्या जुन्या चिठ्ठ्या मी याच पद्धतीने पुन्हा लिहायला घेतल्या आहेत. तुमच्याकडे तपासणी झालेला पेंटागोनाइट असेल, तर त्याच्या एका पात्याचा टोकाकडून घेतलेला फोटो पाठवा. माझ्या फोटोच्या जागी तो लावीन.