चादर गॅस हुंगत नाही

हा मेसेज मला आठवड्यात चार ग्रुपवर आला, पाचव्यांदा थेट मेव्हण्याकडून. सोलापूरच्या पूर्वभागात, विणकरांच्या वस्तीत, त्याचे आठ माग आहेत. मजकूर असा: ‘कार्बनच्या नॅनोधाग्याची चादर आता सोलापूरच्या मागावर! कुठलाही गॅस गळला की चादरच ओळखणार. वीज लागत नाही, धुतली तरी चालते. डिटेक्टर विसरा.’ खाली मेव्हण्याचा प्रश्न: “दाजी, हे सूत कुठं मिळतं?”

सूत मिळत नाही, कारण ते सूत नव्हेच. नॅनोतंतू करायचे तर पॉलिमरचं, म्हणजे प्लास्टिकच्या जातीच्या पदार्थाचं, द्रावण सिरिंजमध्ये भरायचं आणि सुईला १० ते ३० हजार व्होल्टचा दाब द्यायचा. सुईच्या टोकावरचा थेंब शंकूसारखा ताणला जातो, त्यातून बारीक धार सुटते, द्रावक वाटेतच उडून जातो आणि समोरच्या पत्र्यावर तंतूंचा थर साचतो. याला इलेक्ट्रोस्पिनिंग म्हणतात. नावात स्पिनिंग असलं तरी चाती कुठेच नाही. जे हाती येतं ते गड्ड्याच्या जत्रेत मिळणाऱ्या म्हातारीच्या केसांसारखं, फक्त पातळ आणि चिवट. तंतूंना पीळ देऊन धागा करण्याचे प्रयोग झालेत, पण तो मागावर चढवण्याची गोष्ट वेगळी. २० नंबरचं सूत सुमारे ०.२ मिलिमीटर जाड असतं. २०० नॅनोमीटरचा तंतू त्याच्या हजारपट बारीक.

हिशेबही करून बघा. एका सुईतून तासाला साधारण १ मिलिलिटर द्रावण जातं, त्यात दहा टक्के पॉलिमर धरलं तर तासाला ०.१ ग्रॅम माल. किलोभराची चादर व्हायला दहा हजार तास, म्हणजे रात्रंदिवस चालवून वर्षाहून जास्त. बिनसुईची मोठी यंत्रं याहून कितीतरी वेगवान आहेत, पण तीही थरच देतात, ताणाबाणा नाही.

आता ‘कुठलाही गॅस ओळखणार’. सगळी गंमत इथेच आहे, कारण मुळात संशोधन खोटं नाही. कार्बन नॅनोट्यूबवर, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळीवर, नायट्रोजन डायऑक्साइड किंवा अमोनिया आला की तिचा विद्युतरोध बदलतो, हे स्टॅनफर्डच्या गटाने २००० साली दाखवलं. पहिला वायू इलेक्ट्रॉन ओढतो, रोध घटतो. दुसरा देतो, रोध वाढतो. अशा नळ्या किंवा ग्राफीन (कार्बनचा एका अणूइतका पातळ पापुद्रा) नॅनोतंतूत मिसळले की भरपूर पृष्ठभाग मिळतो आणि वायू छिद्रांतून झटकन आत शिरतो. पण तंतूला कळतो तो फक्त रोध. वायूचं नाव त्याला कळत नाही. दमट हवेत पॉलिमर फुगतं, नळ्यांमधलं अंतर वाढतं, तेव्हाही रोध वाढतोच. मेमध्ये कोरड्या रखरखीत चाळिशीपार हवेत जुळवलेली अशा तंतूंची पट्टी पहिल्या पावसात अमोनिया आला म्हणून बोंब मारेल. कुकरची शिट्टी झाल्यावर काय होईल ते सांगायलाच नको.

त्यातून आपला धोका सिलिंडरचा. त्यातल्या एलपीजीतले प्रोपेन-ब्युटेन हे आळशी वायू. इलेक्ट्रॉन सहजी देत नाहीत, घेत नाहीत, त्यामुळे नुसत्या नॅनोट्यूबला साध्या तापमानाला ते जेमतेम जाणवतात. बाजारातल्या बऱ्याच डिटेक्टरांत तापवलेलं टिन ऑक्साइड असतं ते उगाच नाही. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास एलपीजी साठला की ठिणगी पुरते. आणि तो हवेपेक्षा जड, फरशीलगत पसरतो; पलंगावरच्या चादरीला कळेपर्यंत उशीर झालेला असेल.

‘वीज लागत नाही’ यात अर्धं खरं आहे. कार्बनला तापवावं लागत नाही, म्हणून वीज फार थोडी लागते. पण रोध मोजायला प्रवाह हवा, वाजायला भोंगा हवा, म्हणजे बॅटरी आलीच.

धुण्याचं काय सांगू? या प्रयोगांत पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) हे नेहमीचं पॉलिमर. तेच पीव्हीए खळीत घालून आपण सुताला लावतो आणि नंतर पाण्याने काढून टाकतो. खास प्रक्रिया केली नाही तर थर बादलीतच राहील.

या पट्ट्यांना काम मिळायचंच तर अमोनियावर चालणाऱ्या शीतगृहांत मिळेल. तिथे गळणारा वायू कोणता ते आधीच माहीत असतं, ओळख पटवायची गरज नाही.

मेव्हण्याला लिहिलं: सूत शोधू नकोस, कुणी ॲडव्हान्स मागितला तर देऊ नकोस. आणि तुझा डिटेक्टर छताजवळ लावलायस, तो आज खाली, फरशीपासून वीतभर उंचीवर आण.