बुशशर्ट शिवूनच घ्या, पण टेलरला या गोष्टी आधी सांगा

उन्हाळा लागला की ऑनलाइन दुकानांत ‘व्हिंटेज’ हाफ शर्टांचा पूर येतो. माडाची झाडं, पोपट, मुद्दाम पिवळट केलेली छपाई. हातात घेऊन बघावं तर स्लिम फिट कटिंग, कॉलरमध्ये पुठ्ठ्यासारखं फ्यूजिंग (आतून चिकटवलेलं कडक अस्तर) आणि लेबलावर बारीक अक्षरांत ‘व्हिस्कोस’, म्हणजे रेयॉन. पन्नास-साठच्या दशकातला बुशशर्ट, म्हणजे उघड्या गळ्याचा सैल हाफ शर्ट, सुखाचा होता तो त्याच्या कटिंगमुळे. ते कटिंग हवं असेल तर सुती कापड घ्या आणि गल्लीतला टेलर गाठा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी कापड. कॅम्ब्रिक किंवा हलकं पॉपलिन उत्तम, साधारण 100 ते 120 जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन). मुंबई-कोकणच्या दमट हवेत विरळ विणीचं हातमागाचं कापड जास्त बरं. विदर्भाच्या कोरड्या उन्हात जरा दाट वीण चालते, ऊन तेवढं अडतं. छाती 40 इंच असेल तर 36 इंची पन्ह्यात (कापडाच्या रुंदीत) सव्वादोन मीटर, 58 इंची पन्ह्यात 1.6 मीटर. चौकडा किंवा मोठी छपाई असेल तर खिसा जुळवायला वीसेक सेंटिमीटर जास्त घ्या. दुकानदार ‘प्युअर कॉटन’ म्हणाला तर कडेचे दोन धागे काढून जाळा. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर आहे. रेयॉन मात्र इथे फसवतं, तेही सुतासारखंच, कागद जळावा तसं जळतं. म्हणून एक धागा ओला करून ओढा: रेयॉन ओलं झालं की पटकन तुटतं, सूत उलट जास्त चिवट होतं. (जुने हवाई शर्ट बरेचसे रेयॉनचेच असायचे, हेही खरं. पण घामाने भिजलं की ते अंगाला चिकटतं.)

कापड कातरण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा, न पिळता सावलीत वाळवा, इस्त्री करा. न आटवलेलं सुती कापड पाच टक्के आटलं तर 28 इंच उंचीतले जवळजवळ दीड इंच गेले. टेलर ‘गरज नाही’ म्हणेल. ऐकू नका.

खरी गंमत कॉलरमध्ये आहे. बुशशर्टाच्या कॉलरला स्टँड (कॉलरखालची उभी पट्टी) नसतो, ती मानेवर सपाट बसते आणि पुढचा भाग कोटासारखा उलटतो. गळ्याशी हवा खेळते ती यामुळे. हाताच्या सवयीने स्टँड लावला जातो, म्हणून टेलरला नाइट सूटच्या वरच्या शर्टाची कॉलर दाखवा, लगेच कळतं. दुसरी चूक फेसिंगची, म्हणजे पुढच्या कडेला आतून लावायच्या पट्टीची. नेहमीच्या शर्टासारखी सव्वा इंचाची सरळ बटणपट्टी घातली तर कॉलर उलटताच छपाईची मागची फिकी बाजू आणि शिलाई दिसते. फेसिंग त्याच कापडाचं, वर रुंद होत थेट खांद्याच्या शिलाईपर्यंत गेलेलं हवं, तिथे निदान तीन इंच. आत चिकटवायचं फ्यूजिंग नको. कापड आणि फ्यूजिंग वेगवेगळं आटतं, डिंक सुटतो आणि चार धुण्यांत कॉलरवर फोड येतात. धुतलेल्या मलमलीचा एक थर पुरे. पहिलं बटण गळ्याच्या खड्ड्यापासून साडेतीन-चार इंच खाली; वर घेतलं की उलटणारा भाग आखूड होऊन उभा राहतो.

माप देताना ‘फिटिंग नको’ हे दोनदा सांगा. अंगाच्या छातीमापात सहा इंच सैल. मुंढाही (बाही जोडायचा बगलेचा घेर) खोल नको. खोल मुंढ्याने हात वर केला की अख्खा शर्ट वर चढतो, अंग कितीही सैल असलं तरी. बाही नऊ-दहा इंच, कोपराच्या जरा वर, मोहरी (बाहीच्या तोंडाचा घेर) 15-16 इंच. खालचा घेर सरळ, एक इंच दुमड, दोन्ही बाजूंना दोन इंचाचे कट. हा शर्ट पँटीत खोचायचा नसतो, तेव्हा उंची सीटच्या मध्यावर थांबावी. गोल घेराचा आग्रह धरणाऱ्या टेलरशी वाद घालावा लागला तरी घाला.

उलटा करून धुवा, सावलीत वाळवा. इस्त्री कॉलरच्या मागच्या बाजूला मारा, पण पुढच्या उलटणाऱ्या भागावर घडी दाबू नका. तो गोलसरच वळायला हवा. एकदा कडक घडी पडली की बटण लावल्यावर तो वाकडा बसतो. आणि खळ अजिबात नको, वाऱ्यासाठी निवडलेली वीण आपणच लिंपून टाकल्यासारखं होतं.