मैदान दोन किलोमीटरवर, मॅच चाळीस सेकंदांवर

चाळीस सेकंद! मोजलेत मी, मोबाइलवर स्टॉपवॉच लावून. डी. वाय. पाटील स्टेडियमपासून माझं घर दोन किलोमीटरही नाही. तिथला गलका हवेतून रमतगमत आला तरी पाच-सहा सेकंदांत माझ्या गॅलरीत पोचतो. आणि तीच मॅच ॲपवरून माझ्या टीव्हीवर यायला चाळीस सेकंद.

कालची फायनल, महिला वर्ल्ड कपची, दक्षिण आफ्रिकेशी. आधीच पावसाने दोन तास खाल्लेले. आपल्या २९८. समोर त्यांची कॅप्टन वोल्वार्ट शतक ठोकून खुंटा मारून बसलेली, त्यांना अजून ७९ हव्यात, माझ्या पोटात गोळा. स्क्रीनवर दीप्ती अजून फील्डरला हाताने मागे सरकवतेय, आणि वरच्या मजल्यावरून काकांची आरोळी: "गेली!!" पाठोपाठ स्टेडियमची गर्जना. बायको म्हणाली, "आऊट झाली वाटतं." वाटतं काय? झालीच! मग चाळीस सेकंदांनी आमच्याकडे चेंडू हवेत गेला, अमनजोतच्या हातातून सुटला, पुन्हा सुटला, शेवटी एका हातात बसला. अख्खा देश श्वास रोखून बसला असेल त्या क्षणी. मी चकली खात होतो. धडधडायचं कशाला, निकाल आधीच वरून आलाय!

आणि हे कसं होतं ते मला समजावू नका. व्हिडिओचे काही-काही सेकंदांचे तुकडे पाडतात, ते कुठल्या कुठल्या सर्व्हरवरून फिरवतात, वर ॲप अडकू नये म्हणून दोन-चार तुकडे साठवून मगच दाखवतं. माहितीये सगळं. पण एवढं साठवूनही अडकतंच ना! नेमकं रिव्ह्यूच्या वेळी ते गोल गोल फिरणारं चक्र. बरं, चित्र अडकतं, जाहिरात कधी अडकलेली बघितलीय? ती कशी काचेसारखी स्वच्छ! ओव्हर संपायच्या आत मॅच आक्रसून कोपऱ्यात, बाकी पडद्यावर गुटख्याची वेलची. पैसे भरलेत मी, पैसे! शिवाय टॉस व्हायच्या वेळेला या ॲपला लॉगिन पुन्हा हवं, ओटीपी बायकोच्या फोनवर, बायकोचा फोन चार्जिंगला, चार्जर आईच्या खोलीत.

तिकिटाचं तर नावच काढू नका. साइटवर रांगेत उभा होतो, नंबर सरकत सरकत आला आणि पान कोरं. घराजवळ फायनल आणि मी सोफ्यावर.

बातम्यांची ॲप्स वेगळीच. स्कोअर लपवायचा म्हणून फोन उलटा ठेवावा तर मनगटावर घड्याळ थरथरतं, 'मोठी बातमी'. फॅमिली ग्रुपवर सांगलीची मावशी, तिच्याकडे जुना डिश. स्मृती ४५ वर आऊट झाली तेव्हा तिच्याच सांगलीचा शोकसंदेश आम्हाला चेंडू पडण्याआधी मिळाला.

२०११ ला असं नव्हतं. धोनीने कुलसेकराला मारलेला तो सिक्स अख्ख्या सोसायटीत एकदमच पडला होता. सगळ्यांकडे तीच केबल, सगळ्या खिडक्यांतून एकच आवाज. आता एका बिल्डिंगमध्ये चार वेळा विकेट पडते: आधी काका, मग डिशवाले, मग मोबाइलवाली पोरं, आणि सगळ्यात शेवटी मी, घरातल्या सगळ्यात मोठ्या टीव्हीसमोर.

आता खरं सांगून टाकतो. केबल मीच बंद केली. गेल्या वर्षी. आणि नुसती बंद नाही केली, काकांच्या घरी चहा पिता पिता त्यांना व्याख्यानही दिलं होतं, "काका, केबल कोण बघतं आता? जग कुठे गेलंय!" ते म्हणाले, "असेल बाबा."

शेवटी शेवटी मी टीव्हीचा आवाजच बंद केला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. बारा वाजत आलेले. पाच मिनिटं काहीच नाही, आणि मग जो आवाज उठला! मागोमाग फटाके. आत वळून बघतो तर डी क्लर्क अजून बॅट आपटत गार्ड घेतेय, आणि हरमनप्रीतला पत्ताच नाही की आपण हा कॅच घेणार आहोत.

सकाळी लिफ्टमध्ये काका भेटले. काही बोलले नाहीत, नुसते हसले. केबलवाल्याचा नंबर मागायचा होता. आज नको. दोन दिवस जाऊ देत.