ब्लॅक शॅडो: रंगाआडचं यंत्र

नमस्कार,

व्हिन्सेंट या ब्रिटिश मोटरसायकल कंपनीवरचा लेख बारकाईने वाचलात, आभार. ‘ब्लॅक शॅडो म्हणजे काळा रंग फासून महाग विकलेली रॅपिड, तिचा क्लच कुचकामी, कंपनीही बुडाली, मग एवढं कौतुक कशाला?’ असं तुम्ही विचारलंत. (ब्लॅक शॅडो आणि रॅपिड या दोन्ही तिच्याच मोटरसायकली.)

आधी रंगाचं. ९९८ सीसीचं व्ही-ट्विन, म्हणजे इंग्रजी व्ही आकारात दोन सिलिंडरचं, इंजिन दोन्ही गाड्यांत मुळात एकच, हे खरं. पण १९४८ च्या शॅडोत पोर्ट (हवा-वायू ये-जा करणारे मार्ग) आणि कनेक्टिंग रॉड (पिस्टन जोडणारे दांडे) घासून गुळगुळीत केलेले, कार्ब्युरेटर मोठे, कॉम्प्रेशन वाढवलेलं. रॅपिडची ताकद ४५ अश्वशक्ती, हिची ५५. ताशी १२५ मैल वेग! त्याच वर्षी रॉली फ्री या अमेरिकन चालकाने पोहण्याच्या चड्डीवर, गाडीवर पालथं झोपून अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ताशी १५०.३१३ मैलांचा वेग गाठला. ती गाडी मात्र खास तयार केलेली होती, म्हणून तो विक्रम मी रस्त्यावरच्या शॅडोच्या खात्यात धरत नाही.

मला भारावून टाकतं ते वेगळंच. कंपनीचे फिल व्हिन्सेंट आणि अभियंता फिल अर्व्हिंग यांनी १९४६ च्या ‘सीरिज बी’ या मालिकेतल्या गाड्यांमध्ये नळ्यांची नेहमीची चासीच काढून टाकली. वर पोलादी पेटी, तिच्यातच इंजिनाचं ऑइल. तिच्याखाली इंजिन टांगलेलं. गिअरबॉक्स इंजिनाच्याच ओतीव कवचात, आणि मागच्या चाकाचा त्रिकोणी फोर्क थेट त्या कवचाच्या मागे फिरणारा. म्हणजे गाडीचा भार इंजिनच पेलतं. आज कित्येक मोटरसायकली याच तत्त्वावर बनतात. शिवाय पाना न लावता, अ‍ॅक्सलचा दांडा हातानेच फिरवून चाक निघतं. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या आकाराचं स्प्रॉकेट (साखळीचं दातेरी चाक) बसतं. साइडकार जोडायची तर चाक उलटं बसवा, गिअरिंग बदललं. रस्त्यात एकट्या पडलेल्या माणसाचा इतका विचार करणारी गाडी मला दुसरी ठाऊक नाही.

इंग्लंडमधल्या स्टीव्हनेजच्या कारखान्यात १९५५ च्या अखेरीस मोटरसायकलींचं उत्पादन थांबलं. अशी गाडी बनवायला खर्च फार, आणि परवडणारं गिऱ्हाईक थोडं. हा हिशेब चुकला, हे मान्य. त्यावरून यंत्र वाईट ठरत नाही.

क्लचबद्दल मात्र तुमच्याशी सहमत आहे. ऑइल झिरपलं की तो झटके देतो, म्हणून कित्येक मालक दुसरा बसवून घेतात. तेवढा बदल केलेली शॅडोही मला अस्सलच वाटते.