‘कात्री ती कात्रीच’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

फेज म्हणजे जिवाणूंना ग्रासणारे विषाणू. जिवाणूची भित्तिका फोडून बाहेर पडायला ते जे एन्झाइम वापरतात, त्या एंडोलायसिनवरच्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतले आहेत. अश्रूंत आणि लाळेत लायसोझाइम असतंच, तेही जिवाणूची पेशीभित्तिका कापतं, मग विषाणूच्या एन्झाइमचं एवढं कौतुक कशाला, ‘कात्री ती कात्रीच’, हा पहिला. 2022 मध्ये अशा एका एन्झाइमची रुग्णांवरची मोठी चाचणी फसली, तिथेच विषय संपला, हा दुसरा. आणि प्रतिजैविकांना सरावलेले जिवाणू यालाही सरावतील, हा तिसरा. शेवटचे दोन वजनदार आहेत. पहिला मला अजिबात मान्य नाही, म्हणून त्यावरच जास्त लिहितो.

कापण्यापुरतं बोलायचं तर तुमचं म्हणणं खरं आहे. टी4 या फेजचं लायसोझाइम 164 अमिनो आम्लांचं, कोंबडीच्या अंड्यातलं 129 चं. दोन्ही पेप्टिडोग्लायकनच्या, म्हणजे भित्तिका ज्याची बनते त्या द्रव्याच्या, साखळीतला तोच बंध तोडतात, आणि दोघांच्या घडीतही साम्य आहे. पण टी4 ज्याला ग्रासतो तो ई. कोलाय ग्रॅम-निगेटिव्ह आहे. त्याची पेप्टिडोग्लायकनची चादर जेमतेम काही नॅनोमीटरची, आणि तिच्याबाहेर आणखी एक पटल. एन्झाइम आतूनच तयार होतं, होलिन नावाचं प्रथिन ठरल्या वेळी आतल्या पटलाला भोकं पाडतं, एन्झाइम त्यातून भित्तिकेपर्यंत पोचतं आणि पेशी फुटते. शेजारच्या जिवाणूला त्याच्या बाहेरच्या पटलाचं संरक्षण असतं, त्यामुळे मोकळं सुटलेलं एन्झाइम त्याला सहसा काही करू शकत नाही.

ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंना बाहेरचं पटलच नसतं. तिथे सुटं झालेलं एन्झाइम आजूबाजूच्या निरोगी पेशीही फोडत सुटलं, तर नव्याने बाहेर पडलेल्या फेजना शिरायला यजमान उरणार नाही. म्हणूनच, असं काही संशोधक मांडतात, इथल्या एंडोलायसिनना सहसा दोन भाग असतात: एक कापणारा, दुसरा भित्तिकेतल्या ठरावीक खुणेला घट्ट धरून ठेवणारा. काम झालं तरी एन्झाइम फुटलेल्या भित्तिकेच्या तुकड्यांनाच चिकटून राहतं. हे मत मला पटतं, कारण रचनेतला फरक त्याने सरळ उलगडतो.

हा धरणारा भाग शोभेचा नाही. न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जिवाणूच्या फेजचं सीपीएल-1 हे एंडोलायसिन भित्तिकेतल्या कोलीन या छोट्या रेणूला धरतं. सीपीएल-7 या दुसऱ्या एंडोलायसिनला कोलीन लागत नाही. स्पेनमधल्या संशोधकांनी 1990 च्या सुमारास अशा एन्झाइमांचे भाग अदलाबदल करून जोडले, तेव्हा कोलीनची गरज धरणाऱ्या भागाबरोबर गेली. कापायचं काय हे एक टोक ठरवतं, कुणाचं कापायचं हे दुसरं. तुमच्याच कात्रीच्या भाषेत सांगायचं तर या कात्रीला कापड ओळखता येतं, आणि अश्रूंतल्या लायसोझाइमला असा वेगळा ओळखणारा भाग नसतो. शिवाय स्टॅफिलोकोकस ऑरियस आपल्या पेप्टिडोग्लायकनमधल्या शर्करेवर अ‍ॅसिटाइल गट चढवून त्या लायसोझाइमला निष्प्रभ करतो.

सगळ्यात देखणं उदाहरण म्हणजे स्ट्रेप्टोकोकसच्या सी1 फेजचं प्लायसी हे एंडोलायसिन. 2012 मध्ये त्याची स्फटिक-रचना प्रसिद्ध झाली. धरणाऱ्या प्रथिनाच्या आठ प्रती एकमेकींना लागून कडं करतात, आणि त्यावर कापणारी एकच उपएकक बसते. तिच्यातही दोन वेगळी पाती आहेत: एक शर्करेच्या साखळीतला बंध तोडतं, दुसरं शर्करा आणि पेप्टाइड यांना जोडणारा. दोन्ही मिळून जे साधतात ते एकट्याने साधत नाही. 2001 च्या प्रयोगात 10 नॅनोग्रॅम एन्झाइमने सुमारे 1 कोटी ‘अ’ गटाचे स्ट्रेप्टोकोकाय 5 सेकंदांत मारले होते. जिवाणूच्या पेशीतला दाब मोठा असल्यामुळे भित्तिका एके ठिकाणी कमकुवत झाली तरी बाकीचं काम तो दाबच करतो.

आता चाचणी. एक्सेबकेस हे एंडोलायसिन स्टॅफिलोकोकस ऑरियसच्या रक्तसंसर्गात नेहमीच्या प्रतिजैविकांच्या जोडीला एकच मात्रा म्हणून दिलं जात होतं. दुसऱ्या टप्प्यात एकूण रुग्णांत प्रतिसाद एक्सेबकेससह 70.4 टक्के विरुद्ध त्याशिवाय 60 टक्के, म्हणजे संख्याशास्त्रीय कसोटीवर न टिकणारा फरक. मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणाऱ्या जिवाणूच्या उपगटात मात्र 74.1 विरुद्ध 31.3. तो उपगट लहान होता, आणि लहान उपगटावर एवढी आशा बांधायला नको होती. तिसऱ्या टप्प्यात फायदा दिसण्याची शक्यता नाही असं मधल्या विश्लेषणात दिसलं आणि चाचणी थांबली. हे अपयशच आहे. पण ते एका रेणूचं, एका मात्रेचं, एका आजारातलं, आणि तेही आधीच चालू असलेल्या उपचारांवर वरचढ ठरण्याच्या कसोटीवरचं. त्यावरून अख्ख्या वर्गाचा निकाल लावणं मला घाईचं वाटतं.

सरावण्याचा मुद्दा. सुरुवातीच्या प्रयोगांत, अँथ्रॅक्सच्या जिवाणूवरच्या प्लायजी या एंडोलायसिनच्या बाबतीत तर उत्परिवर्तनं वाढवणारं रसायन वापरूनही, रोधक वाण हाती आले नाहीत. यावरून ते कधीच येणार नाहीत असं मी म्हणणार नाही. लायसोस्टॅफिन फेजचं नाही, एका जिवाणूचं आहे, पण तेही भित्तिकाच कापतं. आणि भित्तिकेतल्या साखळ्या जोडणारे ग्लायसिन या अमिनो आम्लाचे पूल बदलून त्याला चुकवणारे स्टॅफिलोकोकस माहीत आहेत. भित्तिका बदलता येते. प्रश्न असतो तो त्यासाठी काय गमवावं लागतं याचा. लायसोस्टॅफिनला चुकवणारे हे वाण अनेकदा बीटा-लॅक्टम (पेनिसिलिनच्या कुळातल्या) प्रतिजैविकांपुढे पुन्हा हतबल होतात. आणि न्यूमोकोकसचे कोलीनशिवाय वाढणारे वाण प्रयोगशाळेत तयार झाले आहेत, पण त्यातल्या संपुटधारी (भोवती आवरण असलेल्या) वाणाची उंदरांत आजार घडवण्याची ताकद पार घटलेली आढळली.